जावक क्रमांक ४१७

सैनिकाला लढायला परवानगी लागत नाही. तिथं हुकूमच येतो. लग्नाला मात्र लागते. आमच्या बटालियनमध्ये ती परवानगी म्हणजे अठ्ठावीस कागद, प्रत्येकाच्या पाच प्रती, एका हिरव्या फाइलीत, वरून खाली ठरलेल्या क्रमानं. नवरदेवाचा अर्ज. त्याच्या कंपनी कमांडरची शिफारस. नवरीचा अर्ज, ज्यात ती आपल्यावर कुणाचाही दबाव नसल्याचं आमच्या समोर बसून आम्ही सांगू त्या शब्दांत लिहून देते. दोघांची तब्येत, दातांसकट. नवरीच्या आईवडिलांची संमती. आईवडिलांच्या चांगल्या वर्तणुकीचा पोलिसांचा दाखला. आजोबा कुठल्याही बंदी घातलेल्या संघटनेत नव्हते याचा दाखला, मग आजोबा संघटना स्थापन होण्याआधीच वारलेले असले तरी. जोडीचा फोटो, मागं हिरवा पडदा, खांदे शेजारी पण टेकलेले नकोत, आणि हसायचं नाही. त्या फोटोत आजवर कुणी हसलेलं मी पाहिलं नाही. चार महिने कागद गोळा केल्यावर कुणाला हसू येतही नसे.

मी विद्यापीठात साहित्य शिकलो होतो, म्हणून नोकरीत मला टाइपरायटरवर बसवलं. मी गणवेशातला नव्हतो. आस्थापना विभागाचा साधा नागरी टंकलेखक. विभाग चालवायचे वॉरंट ऑफिसर सास्मितो. बावीस वर्षं तेच टेबल, तीच खुर्ची, खुर्चीवर तीच विणलेली उशी. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला 'पाक' म्हणतात, लग्न झालेल्या बाईला 'बू'. बाहेर जवान म्हणायचे, "शत्रू चुकवता येतो, पाक सास्मितो नाही." माझा त्यांच्यावर राग होता, आणि दरारा त्याहून जास्त. फाइल तळहातावर तोलून ते सांगायचे, "यात एकोणिसावा नाही." उघडून बघावं तर नसायचाच. मी एकदा मुद्दाम एकोणिसावा काढून त्याजागी कोरा कागद घातला. त्यांनी फाइल तोलली आणि म्हणाले, "हर्यादी, शाईलाही वजन असतं."

त्या शुक्रवारी सकाळी सहाला सार्जंट जत्मिको आमच्या दारात उभा होता. गणवेश कडक इस्त्रीचा, बूट चकचकीत, डोळे लाल.

"पाक, निंग्रुमचे बाबा गेले."

पाक सास्मितो उभे राहिले. "अल्लाचं होतं, अल्लाकडं गेलं. किती वाजता?"

"पहाटे. साडेचारला."

"साडेचार. ध्यानात ठेव. लागेल."

निंग्रुम ही जत्मिकोची ठरलेली नवरी. गावच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. तिचे वडील पाक कासिरान टेंपे बनवायचे. आमच्या भोजनगृहातसुद्धा त्यांच्याच हातच्या, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या यायच्या, केळीच्या पानात बांधलेल्या. महिन्यापूर्वी संमतीपत्रासाठी ते माझ्याच टेबलापाशी आले होते. लिहिता येत असून त्यांनी सही केली नाही, अंगठा दिला. म्हणाले, "सही कुणीही करील रे बाबा. अंगठा माझाच." पाचव्या प्रतीवर अंगठ्यासोबत सोयाबीनचं एक साल चिकटून आलं. पाक सास्मितोंनी ते नखानं काढून पाहिलं; निघेना. "हात धुवून पुन्हा द्या," म्हणाले. म्हाताऱ्यानं हात धुतले, पुन्हा दिला, पुन्हा साल. तेव्हा पाक सास्मितोंनी बावीस वर्षांत बहुधा प्रथमच तडजोड केली आणि प्रत तशीच लावली.

"लग्न तर तीन आठवड्यांवर होतं," मी म्हणालो.

"होतं," जत्मिको म्हणाला.

पुढचं त्यानं सांगायची गरज नव्हती. ठरलेल्या लग्नाआधी नवरीचा बाप गेला तर आमच्याकडे दोनच वाटा. मयत घरातून हलायच्या आत त्याच्यासमोर निकाह लावायचा; नाहीतर सालभर थांबायचं. डोंगर कोसळल्यावरचं लग्न, म्हणतात पहिल्याला. आणि जत्मिकोची कंपनी पुढच्या महिन्यात पूर्वेच्या सीमेवर निघणार होती, वर्षभरासाठी; ते वर्ष लांबायचंही. तिकडच्या जंगलात आमची दोन माणसं आदल्याच वर्षी कायमची राहिली होती.

"तिची मावशी आत्ताच म्हणतेय, मोडलेलंच धरा," जत्मिको म्हणाला. "मयत असरच्या नमाजापर्यंत ठेवतो म्हणालेत. तीन वाजेपर्यंत. त्यापुढं काझी ऐकायचे नाहीत." मग तो भराभर बोलला, पाठ केल्यासारखा. "मी आधी निकाह लावून घेतो, पाक. कागद मागाहून पुरे करतो."

"मागाहून येतो तो कागद नसतो. माफीनामा असतो."

"शिक्षा भोगीन. एक फीत जाईल, जाऊ दे."

"तू भोगशील रे. फितीचं काय, परत मिळते." पाक सास्मितोंनी चष्मा पुसला. "पण सीमेवरून जो परत येत नाही, त्याच्या बायकोला कागद विचारतात. आणि तेव्हा सांगायला तो नसतो."

मी वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हणालो, "बावीस कागद झालेत की. सहाच राहिले."

"तेरा," पाक सास्मितो म्हणाले.

"अठ्ठाविसातून बावीस गेले—"

"बाप गेला. म्हणजे बापाची संमती गेली, बापाचा दाखला गेला. मुलीचा हात आता भाऊ देणार, तोच वली. मृत्यूचा दाखला. वली बदलल्याचं पत्र. भावाची संमती. भावाची वर्तणूक. आईची वेगळी संमती, कारण आधीची नवऱ्यासोबतची होती. वारसाचा दाखला. नवरीचा नवा अर्ज, कारण जुन्यात 'माझे वडील हयात असून' असं आहे. तूच टाइप केलंयस. जुन्यांचे क्रमांक धरून पस्तीस होतात. बावीस गेले, तेरा."

मी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं. चार महिन्यांत बावीस कागद झाले होते. त्यात वार शुक्रवार; अकरानंतर सगळी कचेरी नमाजाला जाते आणि बहुतेक परत येत नाही.

"जत्मिको," पाक सास्मितो म्हणाले, "कमांडरसाहेबांच्या घरी जा. बाईसाहेबांना लेखी विनंती दे, मी लिहितो. जवानांच्या पत्नी संघटनेची मुलाखत त्या घेतात, कागद चौतीस. त्यांना मुलीच्या घरी यावं लागेल. मुलगी मयत सोडून येणार नाही. बोलताना रडू नकोस, त्यांना आवडत नाही. हर्यादी, टाइपरायटर उचल."

उठण्याआधी त्यांनी जावक वही जवळ ओढली, काहीतरी लिहिलं आणि मिटली. ती वही आवकजावक बघणाऱ्या बू सुलास्त्रींची. त्या सात वाजता यायच्या. दुसऱ्याच्या वहीला हात लावताना मी पाक सास्मितोंना कधी पाहिलं नव्हतं. पण माझ्या मांडीवर बारा किलोचा टाइपरायटर येऊन पडला आणि मी ते विसरलो.

स्कूटर त्यांची, जुनी, चढावर खोकणारी. मी मागं, पोटाशी टाइपरायटर, काखेत कागदांचं बंडल, दातांत कार्बनचं पाकीट. दोन्ही बाजूंना भातखाचरं. कामावरच्या बायका आमच्याकडे बघून हसल्या. एक ओरडली, "काका, घर सोडून निघालात की काय?" उत्तर द्यायला माझं तोंड मोकळं नव्हतं.

पाक कासिरानांच्या अंगणात पांढरं निशाण लागलं होतं. मयताला आंघोळ घालून, कफन करून पुढच्या खोलीत ठेवलं होतं, वर तपकिरी बाटिक. निंग्रुम उशाशी बसलेली. शुक्रवारी गेले, भाग्यवान, असं जो तो म्हणत होता. गावप्रमुख पाक हार्जोनो दारातच भेटले. मोठ्या मनाचा माणूस. निवडणुकीत प्रत्येक वेळी हरलेल्या उमेदवारालाही जेवण घालायचे.

"पाक सास्मितो, काळजीच सोडा," ते म्हणाले. "मृत्यूचा दाखला मी संध्याकाळी लिहितो. कागदावर तोवर जिवंत राहू दे त्याला. तुमची जुनी फाइल आहे तशी चालेल."

जमलेल्या लोकांत कौतुकाची कुजबुज झाली. मावशीनं डोळ्याला पदर लावला. "किती मोठं मन बघा!" मलाही पटलं. एका माणसाला आणखी नऊ तास जगवायला गावप्रमुखाच्या पेनपलीकडे काही लागत नव्हतं.

पाक सास्मितोंनी टोपी काढली. "आभारी आहे, पाक. पण निकाहाच्या वहीत वली म्हणून भावाचं नाव पडणार. आमच्या फाइलीत बाप जिवंत. उद्या कुणी दोन्ही शेजारी ठेवली तर विचारील, बाप जिवंत होता तर हात भावानं कसा दिला? मग हा निकाह कुठला?"

"कोण ठेवणार शेजारी?"

"मीच ठेवीन," पाक सास्मितो म्हणाले. "तेच माझं काम आहे."

"मग करू काय?"

"त्यांना मृत लिहा, पाक. आत्ता. साडेचार वाजता."

मावशीनं तोंडावर हात धरला. मागून कुणीतरी म्हणालं, "माणूस आहे का पंचिंग मशीन?" पाक हार्जोनोंचं मोठं मन दुखावलं होतं आणि ते दिसत होतं. तेवढ्यात आतून निंग्रुमचा आवाज आला. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचतो तसा; मोठा नव्हे, स्वच्छ.

"लिहा, पाक. बाबा म्हणायचे, सोयाबीनला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. घाई केली की आतून कच्चं राहतं."

गावप्रमुखांनी शिक्का मागवला. मी टाइपरायटर टेंपेच्या फळीवर ठेवला. फळीवर कालच्या वड्या केळीच्या पानांत ओळीनं पडल्या होत्या. कुणी हलवल्या नव्हत्या, आणि त्या आपल्या आतल्या आत पिकतच होत्या. तिथं उभ्यानं मी मृत्यूचा दाखला टाइप केला, पाच प्रती. अक्षरं बदडताना माझ्या लक्षात आलं की आत सगळे माझ्या टाइपरायटरचा आवाज ऐकताहेत, आणि मला तो आवाज कमी करता येत नव्हता. मग वली बदलल्याचं पत्र, आईची संमती, भावाची संमती, वारसाचा दाखला, नवरीचा अर्ज. 'माझे वडील हयात असून' याच्या जागी काय घालायचं ते पाक सास्मितोंनी सांगितलं नाही. निंग्रुमनं सांगितलं. सही करून तिनं पाचही प्रती वाचल्या. तीन नंबरच्या प्रतीत कार्बन सरकून पुसलेलं एक अक्षर दाखवलं. पाक सास्मितोंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. माणसाकडे ते असं सहसा पाहत नसत, कागदाकडे पाहत.

भाऊ वासिस, वीस वर्षांचा, मिनीबसवर कंडक्टर. त्याच्या वर्तणुकीच्या दाखल्यासाठी आम्ही त्याला त्याच स्कूटरवर मागं घेऊन पोलिस चौकीत गेलो. तिथं तिघं आधी होते. पाक सास्मितोंनी चौथ्या नंबरची चिठ्ठी घेतली आणि बाकावर बसले.

"पाक," मी कानात म्हणालो, "तुम्ही वॉरंट ऑफिसर आहात. सरळ आत जा."

"नंबर चार आहे."

"घरात मयत आहे!"

"माझ्या नाही. आणि त्यांच्याही घरात काहीतरी असेल." त्यांनी पुढच्या तिघांकडे हनुवटीनं खूण केली. पहिल्याची कोंबडी चोरीला गेली होती. दुसऱ्याचं ओळखपत्र विहिरीत पडलं होतं. तिसरी एक म्हातारी. का आली होती ते तिला आठवत नव्हतं.

मी तापलो होतो. मी मोठ्यानंच म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की दुपारी तीनला दफन आहे आणि त्याआधी लग्न आहे. कोंबडीवाला उठला. "या, पुढं या. माझी कोंबडी आता कुठं पळत नाही, शिजलीसुद्धा असेल." ओळखपत्रवाला उठला. म्हातारीला काय झालं ते कळलं नाही, पण सगळे उठले म्हणून तीही उठली.

पाक सास्मितो हात जोडून तिघांना वाकले. मग खिशातून वही काढली. "आपण नंबर दिल्याचं इथं लिहून सही कराल का? नाहीतर उद्या कुणी म्हणेल मी घुसलो." तिघांनी केल्या. सही करताना म्हातारीला आपण नातवाच्या दाखल्यासाठी आलोय हे आठवलं, आणि तिनं पाक सास्मितोंना दुवा दिली. मला पहिल्यांदाच वाटलं की मी यांना ओळखत नाही.

जुन्या सहांपैकी दोन वाटेत उरकून साडेअकराला एकतीस कागद झाले होते. राहिले चार. गुप्तवार्ता शाखेचे कॅप्टन, उपकमांडर मेजर, पत्नी संघटनेची मुलाखत, आणि सगळ्यात वर कमांडरची परवानगी. आम्ही छावणीत शिरलो तेव्हा खोल्यांना कुलपं होती आणि लाउडस्पीकरवरून खुतबा, नमाजाआधीचं प्रवचन, सुरू झाला होता. मशिदीच्या पायऱ्यांवर बुटांच्या रांगा. पाक सास्मितोंनी फाइल माझ्या हातात दिली, हातपाय धुतले आणि आत गेले. मी बाहेर फाइल धरून उभा राहिलो, कारण फाइल जमिनीवर ठेवायची नसते. आत मला सगळे सह्या करणारे एकाच ओळीत दिसत होते, खांद्याला खांदा लावून. टेकला तरी चालतो असा खांदा. तिथं कुणाचा हुद्दा कळत नव्हता. सगळी यंत्रणा एकाच चटईवर वाकलेली, आणि मी बाहेर तिचा कागद धरून.

एक वाजून पाच मिनिटांनी ते बाहेर आले. पाक सास्मितो कॅप्टनसाहेबांच्या पुढं उभे राहिले आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं.

"अरे, द्या इकडं," कॅप्टन म्हणाले, एका पायात बूट. "वाका जरा पाक, तुमच्या पाठीवर ठेवून करतो सही."

"पायरीवर करतात ती ओळख असते, कॅप्टनसाहेब. सही टेबलावर होते."

"शुक्रवार आहे, पाक! घरी माझी बायको मासा तळून बसलीय!"

"मासा थंड चांगला लागतो."

कुणीतरी खुसखुसलं. मागं कमांडर उभे होते, लेफ्टनंट कर्नल, कमी बोलणारे. "दफन किती वाजता?"

"असरला, साहेब."

"कागद किती राहिले?"

"चार. क्रमानं."

कमांडरांनी बूट चढवले, नाड्या बांधल्या, आणि कचेरीच्या दिशेनं चालू लागले. मग थांबले. क्रम आठवला असावा. त्यांनी पाक सास्मितोंना हातानं पुढं व्हायची खूण केली.

तेव्हा जे झालं ते मी नंतर पुष्कळांना सांगितलं, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. भर उन्हात परेड मैदानातून सगळ्यात पुढं हिरवी फाइल. ती धरून पाक सास्मितो. त्यांच्यामागं टाइपरायटर घेऊन मी. माझ्यामागं कॅप्टन, त्यामागं मेजर, सगळ्यात शेवटी कमांडर. सैन्यात नेहमी उलटं चालतात. पण कागद खालून वर चढतो, म्हणून माणसं त्या क्रमानं चालली होती. त्यांच्या ओल्या बाह्या उन्हात वाळत होत्या. पहारेकऱ्यानं सलाम नेमका कुणाला करायचा ते न कळून फाइललाच केला.

खोल्या उघडल्या. प्रत्येक अधिकारी आपापल्या खोलीत गेला, टेबलामागं बसला, पेनचं टोपण काढलं आणि वाट पाहू लागला. दारं उघडीच होती, तरी पाक सास्मितो प्रत्येक दारावर टकटक करत. "या." आत. सलाम. सही. शिक्का. सलाम. पुढची खोली. मेजरांनी सही करता करता विचारलं, "पाक, हे सगळं आधी नव्हतं का करता येत? चार महिन्यांत?" पाक सास्मितो म्हणाले, "आधी कुणी इतका वेळ टेबलाशी बसलं नव्हतं, साहेब." मेजरांनी सहीला ठिपका जरा जोरात दिला.

कमांडरांच्या दारात जत्मिको चौतिसावा कागद घेऊन धापा टाकत आला. बाईसाहेबांनी मुलाखत मुलीच्या स्वयंपाकघरात घेतली होती, संघटनेच्या पूर्ण हिरव्या गणवेशात, टेंपेच्या भांड्यांमध्ये स्टुलावर बसून. प्रश्नोत्तरं हातानं लिहिलेली; मी तिथंच उभ्यानं टाइप केली.

प्रश्न: नवरा कुठं जातो ते विचारशील? उत्तर: नाही.

प्रश्न: परत कधी येणार ते विचारशील? उत्तर: मनात.

शेरा: समाधानकारक.

कमांडर बायकोचा शेरा वाचत असताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. टोपी घालूनच ते बसले होते, पंचवीस मिनिटं, रिकाम्या टेबलाशी, कागद आपल्यापर्यंत चढून येण्याची वाट पाहत. त्यांनी सही केली. दोन वाजून दहा मिनिटं. पस्तीस.

आता फक्त क्रमांक. परवानगीच्या पत्रावर जावक क्रमांक नसेल तर ते पत्र नव्हे, नुसतं मत. आणि जावक वही बू सुलास्त्रींकडे. आम्ही त्यांच्या खोलीशी पोचलो तेव्हा त्या पिशवी खांद्याला लावून दाराला कडी घालत होत्या.

"बू, एक क्रमांक," मी म्हणालो.

"वही बंद झाली."

"बू!"

"शुक्रवारी अकराला तांबडी रेघ मारते मी. रेघेखाली सोमवारची तारीख. माझा नियम नाही, पाकनीच शिकवलाय मला. तेरा वर्षांपूर्वी. रडवलं होतं मला, एक रेघ वाकडी गेली म्हणून."

जत्मिको भिंतीला टेकला. मी पाक सास्मितोंकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस काय करणार? सोमवार म्हणजे सोमवारच. त्यांनीच बांधलेल्या भिंतीवर ते आता डोकं आपटणार होते, आणि लाजेनं सांगतो, माझ्यातल्या एका कोपऱ्याला ते बघायचंही होतं.

"वही उघडा, बू," ते म्हणाले.

त्यांनी उघडली. तांबडी रेघ होती, सरळ. तिच्या बरंच वर एका ओळीत पाक सास्मितोंच्या अक्षरात क्रमांक होता, ४१७. तारीख आजची, वेळ सहा वाजून वीस मिनिटं, कडेला त्यांची आद्याक्षरं. पुढं ओळ रिकामी. कुणाला, विषय, सोबत, सगळं कोरं. त्याखाली ४१८, ४१९, सकाळची इतर पत्रं, व्यवस्थित भरलेली. ४२६ नंतर रेघ.

बावीस वर्षं त्या वहीत एक ओळ कोरी गेली नव्हती. कोरी ओळ म्हणजे काय यावर पाक सास्मितोंनी आम्हाला दर वर्षी भाषण दिलं होतं. कोरी ओळ म्हणजे चोराला उघडं दार.

"दिसली होती मला सकाळी," बू सुलास्त्री हळूच म्हणाल्या. "वाटलं, पाक चुकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, आपण नको बोलायला."

"रिकामी ओळ सोडायची नाही असा नियम आहे," पाक सास्मितो म्हणाले. त्यांनी पेन घेतलं. "मी सोडली नाही. भरायला वेळ लागला." आणि त्यांनी ती भरली, सुटं सुटं अक्षर, घाई नाही. कुणाला: सार्जंट जत्मिको. विषय: विवाहाची परवानगी. सोबत: कागद पस्तीस.

सकाळी सहा वीसला, बाविसावर अडकलेली फाइल आणि पुढं तेरा कागदांचा डोंगर समोर असताना, या माणसानं शेवटचा क्रमांक आधी लिहून ठेवला होता. लोक देवावर भरवसा ठेवतात तो मी पाहिलाय. कागदावर ठेवलेला मी एकदाच पाहिला.

तीनला दहा कमी असताना आम्ही अंगणात शिरलो. काझी घड्याळ बघत ओट्यावर उभे होते. पाक सास्मितोंनी फाइल त्यांच्या हातात दिली. ते नुसतं पहिलं पान बघून आत जाणार होते, पाक सास्मितो म्हणाले, "पस्तीसही बघा." काझींनी पाहिले. जत्मिको मयताच्या उजव्या बाजूला बसला, गणवेशात, डोक्यावर काळी टोपी. निंग्रुम उशाशीच, सकाळपासून होती त्याच जागी, फक्त आता पांढरी ओढणी. वासिसनं मेव्हण्याचा हात हातात घेतला. कंडक्टरचा हात, तिकिटांनी काळा झालेला. निकाहाचं वाक्य एका दमात म्हणायचं असतं. वासिस मधेच अडकला, बापाकडे बघून. पुन्हा सुरुवात केली. जत्मिकोनं उत्तर एका दमात दिलं, परेडवर देतात तसं, पण हळू.

"वैध?" काझींनी साक्षीदारांना विचारलं.

"वैध!" साक्षीदार म्हणाले, आणि अंगणातून, ओट्यावरून, चुलीपाशी बसलेल्या बायकांतून तोच शब्द आला. "वैध." मी तो शब्द आयुष्यात शिक्क्यावर शेकडो वेळा उमटवलाय. तो असा म्हणता येतो हे मला माहीत नव्हतं. शेजारी पाक सास्मितोंचे ओठ हलले. त्यांनीही म्हटलं असावं.

मग असरची बांग झाली आणि बाटिक सरळ करून लोकांनी पाक कासिरानांना उचललं. जावयाचा खांदा पहिला.

कबरस्तानातून परतल्यावर पाक सास्मितो टेंपेच्या फळीशेजारी बसून फाइलीला टॅग बांधत होते. निंग्रुम समोर येऊन उभी राहिली.

"पाक, एक विचारू? बाबांच्या अंगठ्याचा कागद. आता तो रद्दच ना? मला मिळेल?"

"फाइलीतला कागद बाहेर जात नाही, बू." तिला त्या दिवशी 'बू' म्हणणारे ते पहिले. ती जरा दचकली.

"मग फाडणार?"

बदललेला कागद दोन साक्षीदारांसमोर फाडायचा, असा नियम होता. मला तो पाठ होता. मी तोंड उघडलं. पाक सास्मितोंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मिटलं.

त्यांनी फाइल उलटी केली. पस्तिसाव्यामागं एक कागद लावलेला होता, पाचवी प्रत, अंगठ्यावर साल. वर त्यांच्या अक्षरात: 'पूर्वीची संमती. बदलली आहे, मागे घेतलेली नाही.'

"नियमात बदललेला कागद फाडतात," ते म्हणाले. "हा मागं घेतलेला नाही. म्हणून लावलाय. आणि लागलेला कागद फाडत नाहीत."

"किती दिवस ठेवतात?"

"नवरा सेवेत असेपर्यंत. मग पेन्शन असेपर्यंत. मग तुमची पेन्शन असेपर्यंत. त्यावर तीस वर्षं."

ती शाळेतली बाई होती; तिनं मनात बेरीज केली. "म्हणजे माझ्या पश्चात."

"हो."

तिनं हात पुढं केला आणि सालावरून एक बोट फिरवलं. पाक सास्मितोंनी तिला करू दिलं. मग पेन पुढं केलं.

"इथं सही करा, बू. जुनी संमती पाहिली म्हणून. पाचही प्रतींवर."